बुंध्यापाशी वाकून पाहा

वैशाख सरत आला की महाराष्ट्रातल्या शहरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. घराला लागून असलेला जुना वर्षावृक्ष, गुलमोहर, आंबा किंवा सोनमोहर यंदाचा पावसाळा काढेल का? वळवाच्या पहिल्या वादळात कुठेतरी एखादं झाड गाडीवर कोसळतं, कुठे माणूस दगावतो, आणि सोसायटीच्या बैठकीत झाडाचा विषय निघतो. तिथला निर्णय बहुतेक वेळा दोन समजुतींवर होतो. झाड हिरवंगार असेल तर त्याला काही झालेलं नाही असं धरून चालतात. खोडात ढोली दिसली तर आतून पोखरलंय, आज ना उद्या पडणार, म्हणून तोडायचा अर्ज जातो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत मोठी आहे. पहिलीपायी माणसं जिवाला मुकतात, दुसरीपायी अजून कित्येक वर्षं उभी राहिली असती अशी झाडं जातात. झाडाची तब्येत आणि झाडाचा भक्कमपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. झाड अशक्त असूनही घट्ट उभं असू शकतं, आणि टवटवीत असूनही पडायच्या बेतात असू शकतं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतांशी जमिनीलगत सापडतात, आणि झाडाभोवती गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय घडलं त्यात सापडतात. शेंड्यावर जे दिसतं ते फार उशिरा दिसतं.

हे असं का, ते समजायला झाडात जिवंत काय असतं ते पाहावं लागेल. मोठ्या झाडाचं खोड म्हणजे सगळा जिवंत ऐवज नव्हे. सालीच्या आतला थर पानांत तयार झालेलं अन्न खाली नेतो. त्याच्या आत पेशी वाढवणारा एक अगदी पातळ थर असतो, आणि त्याच्या आतलं बाहेरच्या बाजूचं ओलं लाकूड मुळांकडून आलेलं पाणी वर चढवतं. मधला गाभा बहुतेक जातींत मेलेलाच असतो; तो आधार देतो, पाणी वाहत नाही. म्हणजे गाभा कुजून गेला तरी पानांना पाणी मिळत राहतं, पालवी फुटत राहते, मोहोर येत राहतो. झाडाला धरून ठेवणारी जाड मुळं खालून कुजली आणि दूरवरची बारीक मुळं काही काळ पाणी ओढत राहिली, तरीही माथा हिरवाच दिसतो. वादळानंतर मुळासकट उपटलेलं झाड पाहून लोक म्हणतात, अहो, एवढं हिरवं झाड कसं पडलं! तर ते असं पडतं. ॲलेक्स शिगो या अमेरिकी वनखात्यातल्या शास्त्रज्ञाने हजारो झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून आतली कूज तपासली आणि 1970 च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून तो भाग वेगळा पाडतं आणि त्याच्या बाहेर नवं, निरोगी लाकूड रचत जातं. जुनी कूज आत तशीच राहते. प्रश्न एवढाच, की झाड नवं लाकूड जास्त वेगाने घालतंय की बुरशी त्या भिंती जास्त वेगाने फोडतेय.

म्हणूनच ढोली दिसली की झाड गेलं, हा निष्कर्ष टिकत नाही. पोकळ बांबू भरीव काठीच्या मानाने किती कमी लाकडात किती वाक सोसतो हे कोकणातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. यामागचं गणितही सोपं आहे. गोल खोड वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेवर येतो, मध्यावर जवळजवळ काहीच येत नाही. एक मीटर व्यासाच्या खोडात 70 सेंटिमीटर व्यासाची पोकळी असेल, तर उरलेल्या 15 सेंटिमीटर जाडीच्या कड्यात वाकण्याला विरोध करण्याची मूळ ताकदीपैकी साधारण तीन-चतुर्थांश ताकद शिल्लक असते. जर्मनीतले क्लाउस मॅथेक यांनी उभी आणि मोडलेली पोकळ झाडं ताडून पाहिली आणि एक अंदाज बांधला: शाबूत कड्याची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे 30 टक्क्यांखाली गेली की मोडण्याची शक्यता ठळकपणे वाढते. हा आकडा वेदवाक्य मानू नये. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. खूप जाड, बुटक्या आणि माथा आटोपशीर असलेल्या खोडांना याहून पातळ कडंही पुरतं. उलट कडं एका बाजूने उघडं पडलेलं असेल, म्हणजे ढोलीचं तोंडच मोठं असेल, तर हे गणित लागूच पडत नाही. बंद नळीची ताकद फाटक्या नळीत नसते. तेव्हा ढोली दिसल्यावर आत किती पोकळ आहे एवढंच न विचारता बाहेर किती शाबूत आहे, कडं चहूबाजूंनी अखंड आहे का, आणि ढोलीच्या काठावर नव्या लाकडाची जाड, गोलसर वळी चढतेय का, हे पाहायला हवं. अशी वळी चढत असेल तर झाड लढतंय. आणि ढोलीत विटा-सिमेंट भरण्याचा जुना उपाय कुणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणावं. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि वाऱ्यात झाड डोलताना आतून घासत राहतं.

खरी तपासणी वाकूनच करावी लागते. निरोगी मोठं झाड जमिनीत शिरताना विजेच्या खांबासारखं सरळ शिरत नाही. बुंधा खाली रुंदावतो आणि मुळांच्या धारा चहूकडे पसरताना दिसतात. हा उतार दिसतच नसेल, खोड जमिनीत नुसतं खुपसल्यासारखं वाटत असेल, तर बहुधा पायथ्याशी माती, डबर किंवा फरशी चढवलेली आहे. साल सतत ओलसर मातीखाली गाडली गेली की कुजू लागते, आणि हे कुजणं बाहेरून कुणाला दिसत नाही. मोठ्या झाडाचं सोटमूळ खोल पाताळात गेलेलं असतं हीदेखील अशीच एक भ्रामक कल्पना. बहुतेक मुळं वरच्या दोनेक फूट मातीतच असतात, कारण मुळांनाही श्वासाला हवा लागते, आणि ती फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बरीच बाहेर जातात. बांधकामाच्या वेळी झाड वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये वापरला जाणारा मापदंड सांगतो, की खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ अबाधित ठेवावं. 60 सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण सहा फूट घेराच्या झाडाला हे वर्तुळ सात मीटर त्रिज्येचं होतं. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला, आणि तेवढंही कितीतरी ठिकाणी होत नाही. पुण्या-मुंबईत पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले सर्रास दिसतात.

म्हणून झाडाची तपासणी म्हणजे अर्धी चौकशीच असते. पाच वर्षांपूर्वी इथून ड्रेनेजची लाइन गेली का? केबलसाठी चर खणला तेव्हा मनगटाएवढी मुळं तोडली का? आवाराची पातळी वाढवली का? शेजारच्या पुनर्विकासात पायाचा खड्डा झाडापासून किती अंतरावर होता? पार्किंगसाठी काँक्रीट कधी ओतलं? मुळं तुटली तर झाड दुसऱ्या दिवशी मान टाकत नाही. साठवलेल्या अन्नावर ते काही वर्षं तग धरतं, मग वरून वाळू लागतं. तोवर चर खणणारा कंत्राटदार निघून गेलेला असतो आणि दोष किडीवर किंवा वयावर जातो. चराच्या बाजूने वारा आला तर ते झाड पहिल्यांदा पडतं. कारण त्या बाजूची दोरखंडासारखी ताणून धरणारी मुळंच उरलेली नसतात. त्यात पावसाने माती भिजून लिबलिबीत झालेली असली की पकड आणखी सुटते. पायथ्याशी आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: बुंध्याला किंवा जमिनीलगतच्या मुळांना चिकटलेली कडक, तपकिरी, वार्निश दिल्यासारखी चकाकणारी अळंबी. गॅनोडर्मा नावाची ही बुरशी गुलमोहर, शिरीष यांसारख्या झाडांची मुळं आणि बुंधा कुजवते, आणि बाहेर फळ धरते तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. ती पावसाळ्यात ठळक दिसते, म्हणून फक्त मे महिन्यात पाहणी करणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच सुटते. मऊ लाकडाच्या गुलमोहराच्या बाबतीत तर माझ्या मते श्रावण-भाद्रपदातली पाहणी उन्हाळ्यातल्या पाहणीहून जास्त मोलाची आहे.

बुंध्यापासून वर जाताना कलणं, भेगा आणि बेचकी, या क्रमाने पाहावं. कललेलं झाड म्हणजे धोक्याचं झाड असं नाही. उजेडाच्या ओढीने लहानपणापासून कलत वाढलेलं झाड पुढे शेंडा सरळ वर वळवतं आणि ताणाच्या बाजूला जास्त लाकूड घालून स्वतःला सावरतं. पण अखंड सरळ खोड अलीकडेच एका बाजूला झुकलं असेल, आणि झुकण्याच्या उलट बाजूला जमीन फुगून भेगाळली असेल, तर मात्र वाट पाहू नये. झाडाखालची जागा त्याच दिवशी रिकामी करून महापालिकेला कळवावं. बेचकं इंग्रजी यू अक्षरासारखं रुंद असेल तर सहसा बळकट असतं. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद कोनात एकमेकींना घासत वाढल्या असतील तर मध्ये साल चेपली जाते, लाकडाला लाकूड जुळत नाही, आणि वादळात बेचकं उभं फाटतं. लाकडी हातोडीने खोडावर ठिकठिकाणी ठोकून पाहिलं तर भरीव आणि पोकळ भागांतला आवाजाचा फरक थोड्या सरावाने कळतो. हे निदान नव्हे, पण तज्ज्ञाला कुठे पाहायला सांगायचं ते त्यातून नक्की कळतं.

आता माथ्याकडे. पानांवरून काहीच कळत नाही असं माझं म्हणणं नाही. पण पानं वाचायला जात आणि ऋतू माहीत हवेत. सावर आणि पांगारा हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण होऊन फुलतात, पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळून तांबूस पालवीने भरतो, गुलमोहर उन्हाळ्यात बोडका दिसतो. हे आजारपण नव्हे. शंका आली तर बारीक फांदीची साल नखाने खरवडावी. खाली हिरवं आणि ओलं असेल तर फांदी जिवंत आहे. सर्वांत चांगली कसोटी तुलनेची. त्याच गल्लीतले बाकीचे गुलमोहर आषाढात गच्च भरले असतील आणि तुमचा विरळ, लहान पानांचा राहिला असेल, तर काहीतरी बिघडलंय. फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येणं आणि त्याच वेळी खोडावर, जाड फांद्यांवर धुमाऱ्यांचे झुबके फुटणं ही जोडी बघितली की मुळांकडे संशयाने पाहावं. कीड बहुधा मागाहून येते. मुंबईत पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने वर्षावृक्ष वाळल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत वारंवार झाल्या. पण काँक्रीटने गळा आवळलेलं झाड किडीला सोपं सावज असतं हे विसरून नुसती फवारणी केली तर ती पुरी पडत नाही. आंब्याच्या खोडातून भुसा गळत असेल तर भिरूड लागलेला असतो, आणि त्यावर वेळेत इलाज होतो. बांडगूळ फांदीसकट कापून काढता येतं. वाळवीला मात्र लोक उगाच घाबरतात. ती बहुधा मेलेलं लाकूड आणि साल खाते. झाड तिने मारलं असं सहसा नसतं, तरी आतलं लाकूड कुठे मेलंय याची खूण म्हणून तिच्या मातीच्या वाटांकडे जरूर पाहावं.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढा अभ्यास कशाला, पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या की झालं. वाळलेल्या, मोडक्या, घरावर टेकलेल्या फांद्या काढायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे छाटणी म्हणून जे चालतं ते बरेचदा मुंडण असतं. माथा अर्ध्याहून अधिक उडवला की झाडाचं अन्न तयार करायचं साधनच जातं, आणि मुळं उपाशी राहतात. जाड फांद्यांच्या उघड्या थोटकांतून कूज आत शिरते. त्या थोटकांवर जे धुमारे जोमाने फुटतात ते जुन्या लाकडात रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जड होतात आणि वाऱ्यात उचकटतात. म्हणजे आजचा धोका पुढच्या पावसाळ्यांवर ढकलून तो वाढवूनही ठेवला जातो. एका वेळी माथ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा मानली जाते, आणि म्हाताऱ्या झाडाला तीही जास्त होते. काप फांदीच्या तळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या किंचित बाहेर घ्यायचा असतो, कारण जखम बंद करणारं लाकूड तिथूनच वाढतं. कापावर डांबर फासल्याने कूज थांबत नाही.

दुसरा आक्षेप घराच्या पायाचा. मुळं घर फोडतात ही भीती अगदीच निराधार नाही, पण ती जरा नेमकी करायला हवी. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ किंवा वड बांधकाम खरोखर फोडतो; तो लहान असतानाच काढावा. जमिनीत वाढणाऱ्या झाडाचं मूळ मात्र भरभक्कम पायाला छेदून जात नाही; ते ओल शोधतं आणि आधीच फुटलेल्या, गळणाऱ्या पाइपात शिरतं. आधी पाइप दुरुस्त व्हायला हवा. दख्खनच्या काळ्या मातीवर उथळ पाया असेल तर प्रश्न गंभीर होतो, कारण ही माती वाळली की आकसते, भिजली की फुगते, आणि मोठं झाड उन्हाळ्यात तिच्यातली ओल खेचतं. लंडनच्या चिकणमातीवर 1976 च्या अवर्षणात घरांना तडे गेले ते याच कारणाने. पण तिथेच हेही कळलं, की झाड एकदम तोडलं तर माती पुन्हा ओल धरून फुगते आणि घर वर उचललं जाऊ शकतं. काळ्या मातीवरचं जुनं झाड तोडण्याआधी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणं हे म्हणूनच झाडापेक्षाही घराच्या हिताचं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माणसाच्या जिवाशी खेळ कशाला? शंका असेल तर तोडून टाका. जिथे जीव पणाला आहे तिथे हा आक्षेप मी हलका मानत नाही, आणि काही झाडं तोडावीच लागतात. मुळं कुजलेला गुलमोहर अंगणवाडीच्या छपरावर झुकला असेल तर तो वाचवण्याचा आग्रह धरणं चूक आहे. पण धोका म्हणजे झाडाचा दोष आणि झाडाखाली कोण असतं, यांचा गुणाकार. तेवढ्याच पोकळीचं तेच झाड आवाराच्या कोपऱ्यात, कुणी न फिरकणाऱ्या जागी असेल तर त्याची वाळकी फांदी तांबट आणि पिंगळ्याला घर देते, कोकणात ढोल्यांमध्ये धनेश पिलं वाढवतो. अनेकदा झाडाऐवजी झाडाखालचा बाक, मोटारी किंवा पत्र्याची शेड हलवली तरी धोका निम्म्याहून कमी होतो, आणि हा उपाय सोसायटीच्या बैठकीत क्वचितच कुणाला सुचतो. कायद्याचाही विचार करावा. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठीचा 1975 चा कायदा तोडण्याच्या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरतो, आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. तरीही पन्नास रोपं म्हणजे पन्नास वर्षांच्या झाडाची सावली नव्हे. ती सावली मिळायला पुन्हा तेवढाच काळ जावा लागतो.

साध्या माणसाला हे सगळं जमेल का, असं विचारलं जातं. निदान करणं जमणार नाही, नोंद ठेवणं नक्की जमेल, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाकडे नेमकी तीच नसते. दर वर्षी एकाच जागेवरून, एकाच महिन्यात, एक फोटो माथ्याचा आणि एक बुंध्याचा काढून ठेवावा. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून लिहावा. आवारात कधी, कुठे, किती खोल खणलं ते त्याच वहीत टिपावं. कलणं वाढलंय का, अळंबी नवी आहे की गेल्या वर्षीचीच, हे या नोंदींतून ठरतं, आठवणीतून ठरत नाही. मग खोडाच्या आरपार ध्वनिलहरी पाठवून आतली कूज दाखवणारी टोमोग्राफी किंवा बारीक सुई शिरवून लाकडाचा विरोध मोजणारं यंत्र यांचा उपयोग होतो. नोंदी नसताना केलेली अशी महागडी तपासणी बरेचदा फक्त आधीच घेतलेल्या निर्णयावर शिक्का मारते.

तपासणीत झाड अशक्त पण भक्कम निघालं, तर करायचं काम स्वस्त आहे. खोडालगतचे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट हाताने काढावं, यंत्राने नाही. साचलेली माती हटवून बुंध्याचा उतार मोकळा करावा. फांद्यांखालच्या जमिनीवर पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्यावा, तो खोडाला टेकवू नये, आणि पाचोळा जाळू तर अजिबात नये. खिळे, लोखंडी जाळ्या, दिव्यांच्या माळांच्या तारा काढाव्यात. सालीत रुतत गेलेली तार अन्नाची वाट अडवते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा भरपूर पाणी खोडापासून दूर, बाहेरच्या कडेला सोडावं. उत्तर मिळायला दोन-तीन पावसाळे लागतात, तोवर खत ओतण्याची घाई करू नये. आणि पुनर्विकास होणार असेल तर जुन्या झाडांभोवतीचं मुळांचं वर्तुळ वास्तुविशारदाच्या नकाशावर आधीच आखून घ्यावं. त्या नकाशांवर मोटारींच्या जागांचे चौकोन काटेकोर मोजून काढलेले असतात, मुळांची वर्तुळं नसतात. ती काढून द्या, असं सभासदांनी विकसकाला लेखी सांगायला हवं, तेही करारावर सह्या होण्याआधी. खड्डा खणल्यावर ते वर्तुळ काढून उपयोग नसतो.